सासूबाईंचा उजवा डोळा

आमच्या घरात डोळ्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. कोणी लग्नाचं बोलावणं करायला आलं तरी आमचे हे त्याला खिडकीपाशी नेत, खालची पापणी ओढून बघत आणि मग विचारत, "मुलगी कुठली केलीत?" घर ठाण्याला, टेंभी नाक्याच्या आतल्या बोळात. पुढची खोली यांचा दवाखाना, मधली सासूबाईंची, आणि मागचं स्वयंपाकघर माझं, तेही नावालाच. माझ्या शेगडीवर सकाळी पहिलं पातेलं चढायचं ते चिमट्यांचं आणि कात्र्यांचं. सुऱ्या मात्र उकळायच्या नाहीत, धार जाते. त्या स्पिरिटमध्ये ठेवायच्या आणि वापरण्याआधी ताणलेल्या पातळ चामड्यावर टोक टेकवून बघायच्या. आपल्या वजनाने टोक आत गेलं तर सुरी चांगली, दाबावं लागलं तर बाजूला. ही परीक्षा मला पुरणपोळीच्या आधी जमली.

लोक यांना देवमाणूस म्हणत. देवमाणसाशी लग्न लागलं की काय होतं ते त्याच्या बायकोला विचारावं. मला कोणी विचारलं नाही, म्हणून आता आपणहून सांगते.

लग्न झालं तेव्हा महायुद्ध चालू होतं. हे डोळ्यांची परीक्षा नुकतेच पास झाले होते आणि दवाखान्याची पाटी रंगवायला टाकली होती. पाटी रंगून आली त्याच आठवड्यात यांनी लष्करात नाव दिलं. घरात कोणाला विचारलं नाही. सासरे आधीच गेलेले, त्यामुळे विचारायचं म्हणजे सासूबाईंना. त्या म्हणाल्या, "अरे, डोळे काय इथे कमी आहेत?" तर हे म्हणाले, "तिथे तरुण पोरांचे जातायत, आई." निघताना सासूबाईंनी हातावर दही घातलं आणि पत्रं पाठवत जा म्हणाल्या. तेव्हा यांची तब्येत अशी होती की टांगेवाला घोड्याची काळजी करायचा. मी नवी नवरी, धड रडताही आलं नाही.

हे आसामातल्या लष्करी इस्पितळात असताना सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला. डाव्यात जास्त. मी म्हणत होते, हे आले की बघतील. पण लढाई संपायचं नाव घेईना, आणि थांबणं हे सासूबाईंच्या स्वभावातच नव्हतं. एकदा मी दळण आणायला गेले होते. परत येऊन बघते तर ओटीवर एक फिरता वैदू आपली झोळी आवरतोय आणि सासूबाई डाव्या डोळ्यावर हळदीचं फडकं धरून बसलेल्या. त्याने सुई घालून मोतीबिंदू आत ढकलून दिला होता. फडकं काढून त्या म्हणाल्या, "दिसतंय गं. भिंतीवरची पाल दिसतेय." दुसऱ्या दिवशी त्या घरभर फिरून एकेका वस्तूचं नाव घेत होत्या. मग डोळा लाल झाला, सुजला, त्यात पू धरला. रात्रंदिवस कण्हत होत्या. शेवटी डोळा आत गेला, आणि गेला तो गेलाच.

यांना पत्रातून कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली. लष्करातली पत्रं वाटेत कोणीतरी उघडून वाचतं, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. "डॉक्टरच्या आईने वैदूकडून डोळा फोडून घेतला, हे साहेबाला कशाला कळायला हवं?" म्हणाल्या. मी शपथ पाळली. पत्रात इकडे सर्व कुशल असंच लिहीत राहिले.

हे परत आले ते शेहेचाळीस साली. आईच्या पाया पडून वर बघितलं आणि तसेच उकिडवे बसून राहिले. माझ्याकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. मग आईचा हात धरून तिला दवाखान्यात नेलं आणि उजवा डोळा तपासला. त्यातही मोतीबिंदू होता, पण कच्चा. त्या काळी मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसत. कच्चा काढायला गेलं तर आत तुकडे राहून डोळा नासतो. सासूबाईंना उजेड कळे, माणसाची आकृती कळे, समोरचा चेहरा मात्र धुरात गेलेला असे.

"पिकला की तू काढ," सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही काढणार. मुंबईला माझे सर आहेत, त्यांच्याकडे नेतो."

"तुझे सर माझे कोण?"

"आई, एकच डोळा राहिलाय. माझा हात थरथरेल."

"थरथरू दे. डोळा माझा आहे ना?"

हा संवाद आमच्या घरात पुढे इतक्या वेळा झाला की दोघं मध्येच थांबले असते तर उरलेला मी म्हणून दाखवला असता. दोघंही एकाच मातीचे. यांचं म्हणणं, घरच्या माणसावर सुरी धरायची नाही, त्यातून आईवर तर नाहीच. सासूबाईंचं म्हणणं, एकदा परक्याच्या हातात डोळा दिला आणि घालवला, आता दिला तर मुलाच्याच हातात देईन, नाहीतर आंधळी मरेन. आणि मरेन म्हटलं की त्या लगेच ताक घुसळायला बसत, म्हणजे पुढे कोणी बोलायची सोय नाही.

डोळ्यांची ऑपरेशनं तेव्हा थंडीतच होत. उन्हाळ्यात घाम आणि माशा, पावसाळ्यात ओल, जखम चिघळायची भीती. त्यामुळे एक हिवाळा हुकला की वर्ष गेलं. पहिल्या हिवाळ्यात मोतीबिंदू कच्चा होता. दुसऱ्या हिवाळ्यात देश स्वतंत्र झाला होता आणि कल्याणच्या पलीकडे, लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं उतरली होती. मुलांच्या डोळ्यांत खुपऱ्या, पापण्या चिकटलेल्या, माशा बसल्या तरी हाकलायचं त्राण नाही. हे सकाळी औषधाच्या बाटल्या घेऊन जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. मीही जात असे. एकेका मुलाचं डोकं मांडीत दाबून धरायचं आणि हे पापणी उलटी करून औषध लावायचे. मुलं किंचाळायची, आया माझे हात धरायच्या. घरी आल्यावर मला पोळी लाटवत नसे. ते बघून सासूबाई चाचपडत येत, माझ्या हातातलं लाटणं घेत आणि नकाशे लाटत. तेच आम्ही खात असू.

तिसऱ्या हिवाळ्यात काश्मीर पेटलेलंच होतं. लष्कराने यांना पुन्हा बोलावलं आणि हे पुन्हा गेले. आल्यावर विश्रांती घेतील असं वाटलं होतं, तर यांनी मोफत ऑपरेशनं सुरू केली. आज आंबिवलीची शाळा, पुढल्या वेळी डोंबिवली, मग आणखी कुठलं तरी खेडं. लोक त्याला नेत्रयज्ञ म्हणत. यज्ञातली लाकडं कुठल्या घरची जातात ते कोणी बघत नाही. भोक पाडलेली फडकी शिवणं, पट्ट्या गुंडाळणं, वाळूच्या पिशव्या भरणं, सगळं माझ्याकडे. हे आसामातून परतल्यावर झालेली आमची मुलगी शेजारच्यांकडे इतकी राहायची की ती त्यांच्याच घरच्या चहाची चव चांगली म्हणायला लागली. मी दमले होते. दमले असं म्हणायचीसुद्धा चोरी होती, कारण समोर हे उभे, माझ्याहून दुप्पट दमलेले. एकदा आंबिवलीला एक आगरी म्हातारी मला म्हणाली, "बाय, तुझा दादला कवा हसत नाय का गो?" मी म्हटलं, हसायला वेळ कुठे आहे त्यांना?

इकडे सासूबाईंना दिसणारी आकृतीही पुसट होत चालली. भिंतीला हात लावून त्या मोरीपर्यंत जायच्या. चहात मीठ पडायचं, तर आज वेगळा केलाय म्हणायच्या. कोणी हात धरला की झटकून टाकायच्या. फक्त एकदा, दुपारी मी त्यांची वेणी घालत होते तेव्हा म्हणाल्या, "मला काही जग बघायचं नाही गं. पोथ्या ऐकून पाठ आहेत, देव आत आहे. मला ह्याचं तोंड बघायचंय. लढाईवर गेला तेव्हा शेवटचं नीट बघितलं. मुलगा घरात वावरतो, जेवतो, आणि मला त्याचं तोंड ठाऊक नाही." मी वेणी घट्ट आवळली, त्यांनी कुरकुर केली.

यांच्याबरोबर ऑपरेशनांना एक नर्सबाई येत. वसईकडच्या ख्रिस्ती, शेतकऱ्याच्या घरातल्या, मनगटं भक्कम आणि बोलणं मोजकं. चौथ्या हिवाळ्यात, पौषात, त्या आमच्या घरी आल्या असताना त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यात टॉर्च मारून बघितला. मला मागच्या दारी बोलावून म्हणाल्या, "पूर्ण पिकलाय. ह्याच थंडीत काढायला पाहिजे. आणखी पिकला तर आतून दाब वाढेल, दुखायला लागेल, आणि मग काढून उपयोग नाही." मी त्या संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "ठाऊक आहे. मी आईला तेच सांगतोय, मुंबईला चल." सासूबाई आतून ओरडल्या, "मी ऐकतेय हं." झालं. हिवाळ्यातला शेवटचा नेत्रयज्ञ टिटवाळ्याला होता, माघात. त्यानंतर ऊन वाढणार.

तेव्हा मी ठरवलं. कोणाची परवानगी घेतली नाही. यांनी लष्करात जाताना माझी घेतली होती का?

नर्सबाईंना विश्वासात घेतलं. सासूबाईंना फक्त एवढंच सांगितलं, की डोळा तुमच्याच मुलाच्या हातून निघेल, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या म्हणाल्या, "खोकलासुद्धा काढणार नाही." घरात जाहीर केलं की आई गणपतीच्या दर्शनाला टिटवाळ्याला येतायत. यांनी मान हलवली. यांच्या डोक्यात तेव्हा सुऱ्या आणि पट्ट्या.

टिटवाळ्याला देवळाजवळच्या धर्मशाळेत व्यवस्था होती. एका खोलीत ऑपरेशन, बाकीच्या खोल्यांत गवताच्या गाद्या. कामाची पद्धत अशी, की खोलीत दोन टेबलं. एका टेबलावरचं ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर नर्सबाई पुढचं माणूस तयार ठेवत. कपाळावर ज्या बाजूचा डोळा काढायचा त्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा, डोळ्यात बधिर करायचे थेंब, पापण्यांचे केस कापलेले, आणि तोंडावर भोकाचं फडकं. भोकातून फक्त डोळा दिसायचा. हे हात धुऊन या टेबलावरून त्या टेबलाकडे स्टूल फिरवायचे. नजर एका डोळ्यावरून उठायची ती दुसऱ्या डोळ्यावर बसायची. मधलं माणूस यांना दिसतच नसे. आणि मी टॉर्च धरून, हत्यारं हातात देत उभी.

आदल्या संध्याकाळी हे सगळ्यांना तपासत, तेव्हा सासूबाई देवळात होत्या. सकाळी नर्सबाईंनी त्यांना बायकांच्या ओळीत मध्येच घुसवलं. अंगावर माझं जाडंभरडं लुगडं, डोक्यावरून पदर. यांनी वर बघितलंही नाही. एक म्हातारा संपला, स्टूल फिरलं, आणि समोर फडक्याच्या भोकात सासूबाईंचा उजवा डोळा.

त्यांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, नाकाच्या बाजूला, तिळाएवढा तपकिरी ठिपका होता. तो मी विसरले होते. हे विसरणं शक्य नव्हतं.

यांचा हात हवेतच थांबला. माझ्याकडे न बघता यांनी विचारलं, "हा डोळा कोणाचा?"

"पेशंटचा," मी म्हटलं.

नर्सबाईंनी हळूच छातीवर क्रूस केला. फडक्याखाली काही हललं नाही. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलेलं ऐकलं होतं. बाहेर थेंब घातलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती, कोणीतरी देवाचं नाव पुटपुटत होतं. यांनी आता मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे स्टूल मागे ढकलून बाहेर जातील, आणि गेले तर मी काय करणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

"टॉर्च नीट धर," हे म्हणाले. "आणि सुरी दे."

मग फडक्याकडे वाकून, सगळ्यांना सांगत तेच म्हणाले, "आजी, खाली बघा. हलू नका." सुरी एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने निघाली, वरचा अर्धगोल उघडला. बाहेर आलेला मोतीबिंदू पिवळसर होता, चांगला टपोरा. मागे बाहुली काळीभोर. यांनी थेंब घातला, पापणी मिटवली, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधायला नर्सबाईंना खूण केली, हात धुतले आणि स्टूल फिरवलं. पुढच्या टेबलावर कोणी कातकरी बाई होती. तिचाही मोतीबिंदू तसाच निघाला.

सगळं आटोपल्यावर देवळासमोरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर हे जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले. म्हटलं, आता बोलून घ्या काय बोलायचं ते. यांनी चहा संपवला.

"हात थरथरला नाही माझा," म्हणाले.

"मग चांगलंच झालं की."

"तुला कळत नाही. आईचा डोळा होता. एकुलता एक. मी इतकी वर्षं घाबरत होतो, आणि समोर आला तेव्हा काहीच वाटलं नाही. सकाळपासूनच्या डोळ्यांसारखा तोही एक डोळा. मी इतका दमलोय का गं?"

मला रागवायचं होतं. तुम्ही दमलाय, हे इतक्या वर्षांत मी हजारदा सांगितलं होतं म्हणून सुनवायचं होतं. पण यांनी पहिल्यांदा दमलो म्हटलं होतं. मी रिकामा कप घेतला आणि पट्ट्या उकळायला गेले.

ऑपरेशननंतर माणसाने उताणं पडून राहायचं असे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, चावायचं नाही. भाताची पेज आणि रव्याची खीर, तीही चमच्याने भरवलेली. काळू नदीची वाळू धुऊन, वाळवून मी त्या पिशव्या भरल्या होत्या. सासूबाई बायकांच्या रांगेत पडल्या होत्या. एरवी घटकाभर गप्प न बसणारी बाई दगडासारखी पडून होती. हे सकाळ-संध्याकाळ फेरीला येत. प्रत्येकीपाशी थांबून विचारत, "आजी, दुखतंय का? ठणका आहे का?" आईपाशी येऊनही तेच, त्याच आवाजात, "आजी, ठणका आहे का?" आणि सासूबाई, ओठ जेमतेम हलवत, "नाही हो डॉक्टर." शेजारची म्हातारी मला म्हणाली, "ही कुनाची गो? हिला बघाया कोन येत नाय?" मी म्हटलं, मुलगा कामात असतो.

दोघांच्या या नाटकाला मी आधी हसत होते. मग हसू येईनासं झालं. त्या दिवसांत यांना आईच्या उशाशी दोन मिनिटं बसता आलं असतं. बसले नाहीत. बसले असते तर बाकीच्यांकडे जायला उठवलं नसतं, असं मला वाटतं. नक्की ठाऊक नाही. आमच्या घरात अशा गोष्टी कोणी विचारत नसे.

पट्टी सुटली तेव्हा यांनी तोंडासमोर बोटं धरली. "किती?" सासूबाईंनी बरोबर सांगितली. यांनी हात लांब नेला, पुन्हा बरोबर. मग सासूबाई एकदम म्हणाल्या, "आणि तुझं तोंड कुठाय?"

"समोरच आहे, आई."

"नुसता पांढरा गोळा दिसतोय."

"जखम भरली की जाड भिंगाचा चष्मा मिळेल. त्यानंतर सगळं स्वच्छ दिसेल. थोडे दिवस थांब."

"थांबतेच आहे," सासूबाई म्हणाल्या.

ठाण्याला आलो आणि लष्कराची तार आली. उत्तरेकडच्या इस्पितळात डोळ्यांचा डॉक्टर हवा होता, थोड्या महिन्यांसाठी. मी म्हटलं, या वेळी नाही म्हणा. निदान चष्मा होईपर्यंत. हे पेटी भरत होते. म्हणाले, "तिथे दुसरा कोणी नाही." हे वाक्य मी आसामच्या वेळी ऐकलं, काश्मीरच्या वेळी ऐकलं, बराकींच्या वेळी ऐकलं. नेहमीच खरं असायचं, हाच त्याचा त्रास. मी चिडून पेटीचं झाकण आपटलं. यांनी ते पुन्हा उघडून वरच ठेवलेला चष्म्याच्या नंबराचा कागद काढून माझ्या हातात दिला, कुठल्या दुकानातून करायचा ते सांगितलं, आणि गेले. सासूबाई ओटीवर बसून टांग्याच्या आवाजाकडे तोंड करून होत्या.

चष्मा आला तेव्हा चैत्र होता. भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड. नर्सबाईंनीच तो त्यांच्या कानांवर चढवला. सासूबाईंनी पहिल्यांदा मला बघितलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू एवढी काळवंडलीस कधी?" मग भिंती बघितल्या, कोपऱ्यातली जळमटं बघितली, पातेल्यांची बुडं बघितली, आणि इतकी वर्षं मी काय काय लपवून ठेवलं होतं ते सगळं एका दुपारी बाहेर आलं. मुलीला मांडीवर घेऊन तिचे कान-नाक निरखून म्हणाल्या, नाक आमचं नाही. त्या वाणसामान निवडू लागल्या, वाती वळू लागल्या, बोळातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करू लागल्या. रोज संध्याकाळी मात्र विचारत, "कधी येतोय?" मी पत्र वाचून दाखवी. पत्रात असे, लवकरच येतो. पावसाळा लागला, गणपती बसले नि गेले, तरी लवकरच होतं.

आले ते न कळवता. दुपारची वेळ. सासूबाई ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या, मी आत भाजी चिरत होते. टांगा नाक्यावरच सोडून हे बोळातून पेटी हातात घेऊन चालत आले असावेत, कारण चाकांचा आवाज आला नाही. दारात थांबून पेटी खाली ठेवली आणि खांबाला हात लावून दम घेत उभे राहिले. चाळिशी नुकती उलटली होती यांची. केस पार पांढरे, गाल बसलेले, खांदे पुढे आलेले. मी रोज बघत होते म्हणून मला ते कधी असं एकदम दिसलं नव्हतं. आता मध्ये महिने गेले होते, म्हणून मलाही दिसलं.

सासूबाईंनी मान वर करून चष्म्यातून नीट बघितलं. त्यांची नजर आता स्वच्छ होती, यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत असणार. त्यांनी सूप बाजूला सरकवून बसायला जागा केली.

"या हो, बसा," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर गावाला गेलेत, पण येतील लवकरच. फार दुरून आलात का?" आणि मग आत तोंड करून मला हाक मारली, "अगं, पाणी आण. कोणी म्हातारे गृहस्थ आलेत डोळे दाखवायला. फार थकलेत बिचारे."

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले होते. तिथेच थांबले. यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि आईने दाखवलेल्या जागेवर बसले. बूटही काढले नाहीत. मला इतकी वर्षं या माणसाचा राग होता, तो सगळा त्या क्षणी कुठे गेला कळलं नाही. नुसतं वाटलं, कोणीतरी याला आत नेऊन झोपवा.

"आई," हे म्हणाले, "मी आहे."

सासूबाई सरकून पुढे झाल्या. त्यांनी पुन्हा एकदा यांच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून, भिंगं कपाळाला लागतील इतक्या जवळून. मग सावकाश चष्मा काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"आता बोल," म्हणाल्या.